जांभूळतळ्याचा विसार

माघ वद्य तृतीया, सकाळची वेळ. रक्कम रुपये एकावन्न, सगळे चांदीचे, आईने आपल्या हाताने लाल फडक्यात बांधलेले. हजर: आई, घोडेगावाहून आलेले मामा, माझी पत्नी आणि मी. ठरले असे की, मी जांभूळतळ्यास जावे आणि तेथले मासे सोडवून यावे.

ज्यांना आमच्या घरची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आम्ही जैन. माझे पणजोबा मारवाडातून कापडाचे गाठोडे घेऊन नारायणगावास आले आणि येथेच राहिले. आता घरात सगळे मराठीच बोलतात. आई देवाशी तेवढी मारवाडीत बोलते. मरणाच्या वाटेवरचा जीव पैसे देऊन सोडवायचा, हा आमच्यात मोठा धर्म मानतात. कोणी बाजारातून बकरा सोडवतो, कोणी पिंजऱ्यातले पोपट. गेल्या पावसाळ्यात आई फार आजारी पडली. बरी झाले तर एक तळेभर जीव सोडवीन, असे ती अंथरुणात बोलून गेली. एक तळेभर म्हणजे किती, हे तेव्हा कोणी विचारले नाही.

तळे मामांनी सुचवले. मामा हिरड्याचे (औषधाला आणि रंगाला लागणारे डोंगरी फळ) व्यापारी. आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम डोंगरांतून त्यांचा माल येतो. ते म्हणाले, "डिंगोऱ्याच्या वर, डोंगरात जांभूळतळे म्हणून गाव आहे. पाच वाड्या, मूठभर घरे, आणि मध्ये एवढे मोठे पाणी. वर्षभर त्या पाण्यात कोणी जाळे टाकत नाही. शिवरात्रीच्या आधी एक दिवस ठरवतात आणि त्या दिवशी सगळे गाव मिळून उतरते."

"मग तो एक दिवस विकत घे," आई मला म्हणाली.

"दिवस विकत मिळतो का, आई?"

"तू व्यापारी आहेस. विचारून बघ."

वारूळवाडीच्या तुकाची बैलगाडी ठरवली. तुका आमच्या दुकानचा माल नेहमी आणतो, त्यामुळे त्याची जीभ माझ्यासमोर सैल असते. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत त्याने कामाची सगळी चौकशी करून घेतली आणि मग म्हणाला, "शेट, मासं सोडवाय एकावन रुपयं? त्यातलं आर्धं मला द्या. मी जनमभर मासा तोंडात घालत न्हाई."

"तुझ्या गळ्यात माळ आहे, तुका. तू तसाही खात नाहीस."

"म्हून तर सवस्तात पडंल म्हनलं."

जुन्नरपर्यंतचा रस्ता रोजच्या ओळखीचा आहे. दुपारी शिवनेरीच्या सावलीत बैल सोडले, दशम्या खाल्ल्या आणि पुढे निघालो. डिंगोऱ्याच्या अलीकडे एका ओढ्याच्या वाळूत गाडीच्या चाकाची खीळ गळून पडली. आम्ही दोघे गुडघ्यांवर बसून वाळू चाळत राहिलो, पण ती सापडली नाही. शेवटी तुकाने बाभळीची खुंटी तासून बसवली. ती खुंटी नारायणगावास परत येईपर्यंत टिकली, हे तुकाच्या बाजूने लिहून ठेवले पाहिजे. मुक्काम डिंगोऱ्यास, आमच्या दूरच्या नात्यातल्या एका दुकानदाराकडे केला. त्यांनी आग्रहाने जेवू घातले, पण जांभूळतळ्याचे नाव काढताच हसून म्हणाले, "तिथे उधारी करू नका. माणसे चांगली आहेत, पण पैशाचे त्यांना काही वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी गाडी डोंगराच्या पायथ्यापर्यंतच गेली. बैल एका ओळखीच्या गोठ्यात बांधले, माझे गाठोडे तुकाने डोक्यावर घेतले आणि आम्ही पायवाटेला लागलो. चढ उभा होता. मी पन्नाशीला टेकलेला आणि दुकानाच्या गादीवर बसणारा माणूस. दर थोड्या अंतरावर कारवीच्या झुडपांना धरून उभा राहत होतो, आणि तुका पुढे जाऊन, माझी वाट पाहत, निष्कारण बिडी विझवून पुन्हा पेटवत होता. शेवटी एक अरुंद खिंड लागली. तुका खिंडीत आधी पोचला आणि काही न बोलता थांबला. एवढा वेळ तो गप्प राहिलेला मी तोपर्यंत पाहिला नव्हता. मग मीही वर पोचलो.

खाली पाणी होते. एवढे लिहून भागत नाही हे मला कळते, पण त्या क्षणी दुसरा शब्द सुचला नव्हता. डोळ्यांनी माप घेण्याची मला सवय आहे. ताग्यातले कापड न उलगडता किती भरेल ते मी सांगू शकतो. येथे ते चालेना. पाण्याला स्वतःचा रंग नव्हता, आकाशाचा जो होता तोच. उत्तरेकडे हरिश्चंद्रगडाचे काळे कडे उभे होते आणि तेच कडे उलटे होऊन पाण्यात खोल गेले होते, इतके स्पष्ट की खरे कोणते हे ठरवायला वरचे ढग बघावे लागले. काठाने जांभळाची जुनी झाडे, काहींची मुळे पाण्यात उतरलेली. मध्यभागी पाखरांचा एक मोठा थवा बसला होता. तांबूस चक्रवाक, करडी बदके, आणि नाव माहीत नसलेली कितीतरी. आमची चाहूल लागली म्हणून की काय, त्यातली निम्मी उठली. तो आवाज लांबून येणाऱ्या गाडीसारखा घरघरत वर आला, सगळा थवा एकदा आमच्या डोक्यावरून वळला आणि पुन्हा जिथल्या तिथे बसला.

मी घरे मोजली. या काठाला चार, पलीकडे एका टेकाडाखाली सात, लांब झाडीत धूर दिसला तेथे काही असावीत. बाकी सगळे रान, भाताची कापून गेलेली खाचरे आणि पाणी. इतक्या मोठ्या जागेत इतकी थोडी माणसे राहतात, आणि त्यांच्यापैकी कोणीही घाईत दिसत नाही, याचे मला नवल वाटले.

तळ्याच्या पूर्वेला दगडांचा जुना बांध आहे. चुना नाही, नुसते दगडावर दगड. पण पाण्याचा थेंब झिरपत नाही. तेथे साधारण माझ्याच वयाचा एक काटक माणूस काठीला टेकून आमच्याकडे बघत उभा होता.

"राम राम, पावणं. कुटनं आलाव?"

"नारायणगावाहून. हा बांध कोणी बांधला हो?"

"आमी न्हाई," तो म्हणाला, आणि तेवढेच उत्तर पुरेसे आहे अशा चेहऱ्याने उभा राहिला. त्याचे नाव कोंडाजी.

मी आडपडदा न ठेवता कामाचे बोललो. आईचा आजार, तिचा नवस, एकावन्न रुपये. या वर्षी तुमच्या ठरलेल्या दिवशी कोणी पाण्यात उतरू नये, एवढीच मागणी. ही गोष्ट कोणाशी बोलावी असे विचारले.

"माझ्याशीच," कोंडाजी म्हणाला. "मोठं जाळं आमच्या घरचं. त्याच्याबिगर हे तळं धरता येत न्हाई. जाळं न्हाई निघालं, तर कुनी उतरत न्हाई."

"म्हणजे तुम्ही जाळे काढणार नाही?"

"न्हाई काढत. द्या."

इतक्या लवकर होकार मी कधी ऐकला नव्हता. बाजारात असा होकार आला की माल पुन्हा तपासून घ्यावा, एवढे मला कळते. पण चढाने दमलो होतो, आईचे काम झाले याचा आनंद होता, आणि मी आमच्या व्यापाराच्या रीतीने अकरा रुपये विसार (सौदा पक्का करण्यासाठी आधी दिलेली रक्कम) म्हणून त्याच्या हातावर ठेवले. उरलेले चाळीस, तो दिवस तसाच गेल्यावर. कोंडाजीने रुपये मोजले नाहीत. धोतराच्या सोग्यात बांधले, आणि एकाएकी त्याला माझ्याविषयी फार जिव्हाळा वाटू लागला.

"चला शेट, तुमाला कडा दावतो. इथवर आलाव आन कडा न बघता गेलाव, आसं नगं."

पश्चिमेच्या बाजूने रानातून चालत गेलो आणि जमीन संपली. खरोखरच संपली. पुढे पाऊल ठेवायला काही नव्हते. खाली, फार खाली, कोकण होते. भातखाचरे नखाएवढी, नदी एखाद्या दोऱ्यासारखी, आणि त्याच्याही पलीकडे फिकट धूर किंवा समुद्र. मी जमिनीवर बसलो, कारण उभे राहवेना. कोंडाजी हसला. "ते उपरणं टाका खाली."

"कशाला?"

"टाका तर."

मी ऐकले नाही, तेव्हा त्यानेच माझ्या खांद्यावरचे उपरणे ओढून कड्यावरून खाली भिरकावले. चांगले, नवीन उपरणे. ते हातभर खाली गेले, फुगले, आणि खालून येणाऱ्या वाऱ्याने उचलून आमच्या डोक्यांवरून मागे, एका करवंदीच्या जाळीवर आणून टाकले. तुका ते काढायला धावला आणि काट्यांत अडकलेले उपरणे सोडवता सोडवता सारखा कड्याकडे वळून बघत होता. मी बसल्या जागी हात जोडले. कोणाला जोडले ते सांगता येणार नाही.

आमची उतरण्याची जागा तळ्याच्या वरच्या अंगाला, महादेवाच्या लहानशा देवळात होती. देवळामागे देवराई (देवाच्या नावाने राखलेले रान), आणि तिच्या खाली झऱ्याचा एक डोह. डोहातले पाणी इतके नितळ की तळाचे खडे दिसत होते, आणि त्या खड्यांवरून हातभर लांबीचे मासे संथ फिरत होते. हे देवाचे मासे. त्यांना कोणी हात लावत नाही, असे कोंडाजीने जाताना सांगितले.

सूर्य मावळायच्या आत जेवायचे, हा आमचा नियम. मी तळ्याच्या काठी बसून पाणी गाळत होतो. तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आली आणि शेजारच्या दगडावर बसली. तिच्या पदरात नाचणीच्या दोन भाकरी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी होती. ती तिने तुकाकडे दिली.

"काय गाळतोस रं बाबा?"

"पाण्यातले बारीक जीव, आजी."

"आन मंग ते फडक्यातलं कुटं टाकतोस?"

"टाकायचे नाही. ज्या पाण्यातून घेतले, त्याच पाण्यात परत सोडायचे." मी फडके तळ्यातच हलक्या हाताने धुऊन दाखवले.

तिने ते नीट पाहिले. "चांगलं हाय. ज्याचं घर त्येला दिलं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "कोंड्यानं इसार घेतला म्हनं."

"हो. तुम्ही कोण त्यांच्या?"

"आय. त्याची बी आन भिक्याची बी."

भिक्या कोण, असे मी विचारले. तिने काठीने पाण्यापलीकडचे घर दाखवले. "धाकला. ते तिकडं ऱ्हातंय, कोंड्या हिकडं, आन मी मधी झोपडीत. सकाळी ह्याची भाकर, सांजंला त्याची." तिचे नाव ठकूबाई. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हवा कशी आहे ते सांगावे तसे ती सांगत होती.

"जाळं एकच हाय, बाबा. माझ्या सासऱ्यानं इनलं. वाटण्या झाल्या तवा मधनं उसवलं, आर्धं कोंड्याच्या घरात, आर्धं भिक्याच्या. पर वरसातनं एकदा ते सांधायचं. आन रीत आशी, की ज्याचं कुनाशी भांडन आसंल त्येनं त्या दिशी पान्यात पाय घालायचा न्हाई. मंग दिवस जवळ आला की पाची वाड्या आपापली भांडनं मिटवीत सुटत्यात. न्हाई मिटवलं तर बायकू-पोरं काठावर बसून दुसऱ्याचं तोंड बघनार."

"आणि गेल्या वर्षी?"

"कुनीच न्हाई उतरलं. आर्ध्या जाळ्यानं हे तळं धरतंय व्हय?"

"भांडण कशावरून झाले?"

"बांधावरचा हिरडा. फळ कुनी येचायचं." ती थोडी हसली. "येवढा मोठा डोंगूर हिरड्यानं भरलाय, आन ह्यांना त्योच पायजे व्हता. यंदा कोंड्या जरा नरम आला व्हता. सुनंनं जाळं उनात पसरलं, भोकं सांधली, म्या माझ्या डोळ्यानं बगितलं. आता त्येला कारन गावलं. पैका घेतलाय म्हंतो, उतरता येत न्हाई म्हंतो."

 बाजारात माल न पाहता मी कधी विसार दिला नव्हता. येथे दिला होता. मासे सोडवायला म्हणून आलो आणि एक भांडण विकत घेतले, तेही दुसऱ्याचे.

"तुजा दोष न्हाई, बाबा," ठकूबाई उठता उठता म्हणाली. "तुजी आय हाय?"

"आहे."

"तिनंच धाडलं आसंल."

"हो."

"मंग तिचं बी खरं. पर मला त्या दोघास्नी एकदा एका जाळ्यावर बगायचं व्हतं. आता वय झालं."

ती गेल्यावर तुका भाकरी मोडत म्हणाला, "काय शेट. एक आय निजली तर दुसरी जागी ऱ्हानार, आसं झालं म्हनायचं."

त्याला गप्प बस म्हणालो, पण त्याचे खोटे नव्हते. पाण्यावरचा उजेड हळूहळू तांबडा, मग जांभळा झाला. एक एक करून पाखरे निवली. पलीकडच्या वाडीत चुली पेटल्या आणि प्रत्येक चुलीची एक रेघ पाण्यात उतरली. तळेभर जीव म्हणजे किती, याचा मी तेव्हा पहिल्यांदा विचार केला. मासे मोजावे, तर मग काठावरच्या या चुलीही त्यात धराव्या लागतील. आईने बोललेला शब्द एका बाजूला आणि ही म्हातारी दुसऱ्या बाजूला. दोन्हींचे वजन करण्याचे माप माझ्या दुकानात नाही.

सकाळी मी बांधावर गेलो तेव्हा कोंडाजीच्या भोवती पाच-सात माणसे जमली होती. विसाराची बातमी रातोरात पाण्यापलीकडे गेली होती. मी तोंड उघडणार, इतक्यात पलीकडच्या वाटेने एक धिप्पाड माणूस भरभर येताना दिसला. लोकांनी आपसांत बघितले. तो भिकू होता.

तो थेट कोंडाजीपुढे येऊन उभा राहिला. "आर्ध्या जाळ्याचा इसार सबंध कसा घेतला रं तू?"

कोंडाजीने त्याच्याकडे पाहिले नाही. मागे उभा असलेला एकजण हळूच म्हणाला, "बोलला राव. दोन सालांनी बोलला."

"आकरा रुपयं," भिकू म्हणाला. "त्यातलं साडेपाच माझं. टाक हितं."

"तुजं कसं?" कोंडाजी आता वळला. "शेट माज्याकडं आलं. तुज्या दारात कुनी आलं का?"

"माज्या दारात जाळं हाय."

"त्याला उंदरं लागली आसत्याल."

"उंदरं तुज्या घरात. माज्या जाळ्याला येक भोक दाव."

"दाव की. आन हितं, दाव."

बायकाही गोळा झाल्या होत्या. कोणी हसू दाबत होते, कोणी दाबत नव्हते. दोघे भाऊ एकमेकांच्या नाकाला नाक लावून, दोन वर्षांचे साचलेले सगळे एकदम बोलत होते: हिरडा, बैल, बापाच्या दिवसाचे जेवण, कोणाच्या बायकोने कोणाला पाणी विचारले नाही. मी मध्ये गेलो आणि म्हणालो, "थांबा. हा सौदा मी मोडतो."

दोघेही माझ्याकडे वळले.

"मी मागे सरतो आहे," मी म्हणालो. "तुमचा दिवस मला नको. आमच्या बाजारात रीत अशी आहे की, जो मागे सरतो त्याचा विसार बुडतो. अकरा रुपये तुमचे. ते परत मागणार नाही."

"पर कुनाचं?" भिकूने विचारले. "ह्याचं, का दोघांचं?"

 उत्तर बांधाच्या टोकावरून आले. ठकूबाई तेथे कधीपासून बसली होती कोण जाणे. तिच्या मांडीवर सुंभाचे (नारळाच्या काथ्याच्या दोराचे) एक वेटोळे होते. जाळे सांधायचा दोर.

"आर्धं पायजे ना, भिक्या?" ती म्हणाली. "मंग आर्धं जाळं आन. आन कोंड्या, तुला बी आर्धंच पायजे आसंल, तर तू बी आन. ज्याचं जाळं हितं येईल त्येचं साडेपाच. ज्याचं न्हाई येनार त्येचं म्हादेवाच्या पेटीत."

कोंडाजीने आईकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्याला पळायला आता वाट नव्हती. ती मीच काल उघडून दिली होती आणि आज मीच बंद केली होती. तो घराकडे चालू लागला. भिकू उलट्या बाजूला. बांधावरची माणसे बसून राहिली.   मग दोन्ही बाजूंनी, जवळजवळ एकाच वेळी, खांद्यावर जाळे घेतलेल्या दोन माणसांचे आकार दिसले. ठकूबाईने वेटोळे उलगडायला सुरुवात केली. तिच्या गाठी पक्क्या बसत होत्या. दोघे भाऊ दोन्हीकडून कडा धरून, एकमेकांकडे न बघता, तिच्यासमोर उकिडवे बसले होते.

"भोक हाय की," कोंडाजी भिकूच्या जाळ्याकडे बघून म्हणाला.

"सांध मंग," भिकू म्हणाला.

जाळे टाकायचा ठरलेला दिवस लगेच उद्यावर आला होता. मी जायला निघालो, पण मला कोणी जाऊ दिले नाही. मी सांगितले की, मासे धरताना मी बघू शकत नाही. त्याचे त्यांना वाईट वाटले नाही. "तुमी देवळात बसा," एवढेच म्हणाले.

पण देवळातूनही दिसतच होते. दुसऱ्या सकाळी धुके उठायच्या आत पाच वाड्यांची माणसे काठावर आली. इतकी माणसे या रानात राहतात, हे मला खरे वाटेना. शिंग वाजले. मग या काठापासून त्या काठापर्यंत, छातीभर पाण्यात, माणसांची एक रांग उभी राहिली आणि ते सांधलेले जाळे धरून ती हळूहळू पुढे सरकू लागली. पाखरे सगळी उठून आभाळात फिरत होती. एका टोकाला कोंडाजी, दुसऱ्या टोकाला भिकू. एक ओरडला की दुसरा थांबायचा. पाणी, माणसे, कडे, पाखरे, सगळे एकाच श्वासात चालल्यासारखे दिसत होते. बांधावर ठकूबाई बसून होती. ती हसत होती की रडत होती, ते एवढ्या लांबून कळले नाही.

त्या दिवशी त्या पाण्यातून किती जीव गेले ते मी मोजले नाही. मान खाली घालून आमचा नवकार मंत्र म्हणत बसलो. जे पाहिले त्याने मी भारावून गेलो होतो आणि जे पाहिले नाही ते मनाला लागले होते. दोन्ही खरे आहे आणि दोन्ही लिहून ठेवतो.

दुपारी काठावर जांभळाच्या पानांवर वाटे मांडले, घरटी एक, आजारी आणि गैरहजर माणसांचेही. त्याच सुमारास बांबूला एक पाण्याचा हंडा अडकवून, दोन टोके दोघांच्या खांद्यांवर घेऊन कोंडाजी आणि भिकू देवळाचा चढ चढून आले. दोघेही भिजलेले, थंडीने दात वाजत होते.

"इसार घेतला आन माल न्हाई दिला, आसं नारायणगावच्या बाजारात कुनी म्हनाय नगं," कोंडाजी म्हणाला. "रुपयाला एक. मोजून घ्या, शेट."

हंड्यात वीतभर लांबीचे, रुपेरी, जिवंत मासे होते. अकरा.

"साडेपाच माझं, साडेपाच त्याचं," भिकू म्हणाला. "आर्धा मासा जिता ऱ्हात न्हाई. म्हून एकाच हंड्यात आनलं."

"ह्यानं इचार करून आनलंय," कोंडाजी म्हणाला. "चढावर तेच बोलत व्हतं."

आम्ही तिघांनी तो हंडा देवराईखालच्या डोहात हळू कलता केला. मासे आधी एकमेकांना चिकटून एका कोपऱ्यात थांबले. मग देवाचे ते मोठे मासे संथपणे जवळ आले, आणि थोड्या वेळाने कोणते नवे आणि कोणते जुने हे आकारावरूनच काय ते ओळखू येत होते. तुका माझ्यामागे उभा होता. 

परतीच्या वाटेवर खिंडीत एकदा थांबून मागे पाहिले. पाणी पुन्हा तसेच होते, कडे त्यात उलटे उतरलेले, पाखरे जागेवर बसलेली. सकाळी त्या पाण्यात पाच वाड्या उभ्या होत्या याची एकही खूण नव्हती.

घरी पोचलो तेव्हा आई ओसरीत बसली होती. लाल फडके तिच्यापुढे ठेवले आणि काही न लपवता सगळे सांगितले: विसार कसा दिला, कसा मोडला, दिवस त्यांनी कसा केला. नवस मोडला म्हणून ती बोलेल, याची तयारी ठेवली होती. ती बराच वेळ फडक्यावरची गाठ चाचपत राहिली.

"डोहात किती सुटले?"

"अकरा."

"आणि त्या म्हातारीचे दोघे?"

"ते माझ्यासमोर एकत्र खाली उतरले. हंडा एकाच्या हातात, बांबू दुसऱ्याच्या."

"मग तेरा म्हण," आई म्हणाली, आणि गाठ सोडून चाळीस रुपये माझ्याकडे सरकवले. ते तिच्या सांगण्याप्रमाणे पांजरपोळास (म्हाताऱ्या जनावरांच्या आसऱ्यास) दिले.

जांभूळतळ्यास प्रत्यक्ष दिले ते रुपये अकरा: साडेपाच कोंडाजीस, साडेपाच भिकूस, दोघांच्या आईसमक्ष.